बिडाचे खांब आणि प्लायवूडची केबिन

चौथीची परीक्षा संपल्यावर शाळेच्या प्रयोगपेटीतला एक लोहचुंबक माझ्याकडेच राहिला. राहिला म्हणजे ढापला, सरळ सांगते. घोड्याच्या नालेसारखा, लाल रंगाचा, टोकं तेवढी पांढरी. त्या मे महिन्यात घरातली एक वस्तू मी सोडली नाही, गोदरेजच्या कपाटाला चिकटतो, पितळेच्या पातेल्याला नाही, आजीच्या बिडाच्या तव्याला तर असा चिकटतो की दोन हातांनी ओढून काढावा लागतो, आणि मग एक दिवस बाबांबरोबर त्यांच्या हापिसात गेले तर तिथे तो चक्क बिल्डिंगलाच चिकटला.

म्हणजे खांबाला. दुसऱ्या मजल्यावर केबिनच्या बाहेरच एक खांब होता, त्याच्यावर रंगाचे इतके थर की चुंबक जरा सैल बसला, पण बसला. मी ओरडलेच, बाबा, ही बिल्डिंग लोखंडाची आहे! बाबा फायलींना लाल नाडी बांधत बसले होते, मान वर न करता म्हणाले, "नुसतं लोखंड नाही गो बाय, बीड. आपल्या तव्याचं."

ती बिल्डिंग म्हणजे काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन. इतिहासवाल्यांसाठी वॉटसन्स हॉटेल. बाबांसाठी नुसतं "मॅन्शन". पुढे मोठी झाल्यावर हिच्याबद्दल हाताला लागेल ते वाचत गेले, आणि वाचताना दर वेळी एकच खटकत राहिलं, की सगळे लेख १८६० च्या आसपास सुरू होतात आणि मार्क ट्वेन, सिनेमा, टाटा वगैरे झाले की एकदम "आज इमारतीची दुर्दशा झाली आहे" या वाक्यावर उडी मारतात. मधली जी पन्नास-साठ वर्षं आहेत, ज्यात माझे बाबा होते, ती थेट दुर्दशेत जमा. बाबा म्हणजे दुर्दशा, असा त्याचा अर्थ होतो हो.

बाबा एका वकिलांकडे क्लार्क होते. वकिलांचं नाव लिहीत नाही, आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी, साहेब कुटुंबासकट महाबळेश्वरला, आणि बाबा मात्र फायली लावायला, जुन्या मॅटरची बंडलं झटकायला, जूनसाठी तयारी करायला रोज जायचे. मी घरात आईचं डोकं खाते म्हणून मला बरोबर घ्यायचे. डोंबिवलीहून व्हीटी, मग चालत फाउंटन, हायकोर्टाच्या बाजूने पुढे, राजाबाई टॉवरचं घड्याळ बघायचं आणि आपलं लावायचं (बाबांचा रोजचा नेम, घड्याळ बरोबर असो वा नसो), आणि मग मॅन्शन. आत शिरलं की पहिला वास झेरॉक्सच्या मशीनचा, त्यावर कबुतरांचा, त्यावर कुणाच्या तरी डब्यातल्या बोंबलाचा.

जिना चढताना भिंतीवर मीटरच्या पेट्या आणि वायरींच्या वेटोळ्या, लग्नघरात कोपऱ्यात पडलेल्या दोऱ्यांसारख्या. प्रत्येक मजल्यावर केबिनी. मोठ्या खोलीच्या दोन केलेल्या, त्या दोनांच्या चार, आणि वर उंची भरपूर म्हणून प्रत्येकाचा पोटमाळा. पाट्यांवर पाट्या. अमुक बीए एलएलबी, तमुक नोटरी, टायपिंग करून मिळेल, अॅफिडेव्हिट, भाषांतर. सुट्टी असली तरी एक-दोन टाइपरायटर चालूच असायचे, टकटक टकटक टिंग, आणि मधल्या चौकात तो आवाज घुमायचा. तो चौक म्हणजे खरं तर एकेकाळचा बॉलरूम, काचेच्या छताखालचा, तीस मीटर बाय नऊ मीटर, साहेब-मडमा तिथे नाचायच्या. हे मला तेव्हा कुठे माहीत असणार. आमच्या वेळी त्या चौकात वरच्या मजल्यांवरून खाली पडलेलं सगळं असायचं, आणि ते काय काय होतं ते इथे लिहीत नाही.

आता जरा मागे जाते, कारण ही इमारत इथे आली कशी ही गोष्ट मला तिच्या पाहुण्यांपेक्षा जास्त आवडते.

फोर्टला फोर्ट का म्हणतात तर तिथे खरोखरच कोट होता, भिंत, बुरूज, दरवाजे सगळं. १८६० नंतर गव्हर्नर बार्टल फ्रियर आला आणि त्याने तो पाडायला घेतला. नेमकं तेव्हाच अमेरिकेत यादवी चालू, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव. १८६१ ते १८६५ या चार-पाच वर्षांत मुंबईत इतका पैसा आला की लोक वेड्यासारखे शेअर घेत सुटले आणि १८६५ मध्ये सगळं धाडकन कोसळलंही. पण तेवढ्या काळात कोटाची मोकळी झालेली जमीन लिलावात विकली गेली होती, आणि मैदानाकडे तोंड असलेला एक मोक्याचा तुकडा घेतला जॉन हडसन वॉटसन नावाच्या कापडवाल्याने.

कापडवाला. हे महत्त्वाचं. हा काही हॉटेलवाला नव्हता. साहेब लोकांना सूट, मडमांना रेशीम, असं त्याचं दुकान चाललेलं, आणि त्याला हवी होती शोरूम आणि वर ऑफिसं. म्हणजे दादरला कुणी शालू-पैठणीवाला चार मजली दुकान टाकतो तसंच. हॉटेलचं नंतर ठरलं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, का ते पुढे येईलच.

वॉटसनने आराखडा करून घेतला रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनियरकडून. आर्किटेक्ट नव्हे, इंजिनियर. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनचं ते अवाढव्य छत आहे ना, त्यात याचा हात होता, आणि थेम्सवरचा अल्बर्ट ब्रिजही त्याचाच. म्हणजे पूल आणि स्टेशनं बांधणाऱ्या माणसाने कापडाच्या दुकानाचा नकाशा काढला, आणि तो दिसतोही तसाच. बिडाचे खांब, त्यांच्यावर लोखंडी तुळया, सगळे भाग इंग्लंडमध्ये डर्बीच्या फाउंड्रीत ओतून, जहाजात घालून, मुंबईला आणून इथे नटबोल्टने जोडले. आपल्याकडे लग्नाचा मांडव येतो तसं. टेम्पोतून बांबू, कापड, दोऱ्या उतरतात, संध्याकाळपर्यंत मांडव उभा, फक्त इथे टेम्पोच्या जागी जहाज आणि बांबूच्या जागी बीड. पायथ्याचा लाल दगडसुद्धा इंग्लंडमधून आणला. सह्याद्रीच्या पायथ्याशी बसलेल्या गावात दगड इंग्लंडहून! हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच.

१८६७ ते १८६९ या काळात हा सांगाडा उभा राहिला. आणि त्यातली खरी गंमत अशी की भिंती नुसत्या भरायच्या होत्या. आपल्या गावाकडच्या घरात भिंत काढली तर छप्पर येतं अंगावर, कारण भार भिंतीवर असतो. इथे सगळा भार सांगाड्यावर, भिंत काढा, घाला, दोन खोल्यांच्या चार करा, इमारतीला त्याचं काहीच नाही. आज बीकेसीत काचेचे टॉवर आहेत ते याच तत्त्वावर उभे आहेत, आणि हे काम काळ्या घोड्याला तेव्हा झालं जेव्हा अमेरिकेत गगनचुंबी इमारतींचा पत्ता नव्हता. बिडाची म्हणून देशात शिल्लक असलेली ही सगळ्यात जुनी इमारत.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चालतं. ऑर्डिशसाहेबाने लंडनमध्ये बसून जो सांगाडा काढला त्यामुळेच शंभर वर्षांनी बाबांना तिथे प्लायवूडचं पार्टिशन टाकता आलं. दगडी वाड्यात नसतं जमलं. लोक म्हणतात केबिनी पाडून इमारतीची वाट लावली. अहो, पण ती होतीच तशी, आत काहीही मावेल अशी. पार्टिशन टाकणाऱ्या सुतारांनी ऑर्डिशचं म्हणणं बरोबर ओळखलं असंच मी म्हणेन, आता यावर कन्झर्वेशनवाले मला मारायला येतील.

१८७१ साली हॉटेल उघडलं. १३० खोल्या, पाच मजले, खाली रेस्टॉरंट आणि बार, सगळीकडून गॅलऱ्या. वाढायला मुली इंग्लंडहून आणलेल्या, आणि तेव्हा गावात विनोद असा होता की वॉटसनने सगळं इंग्लंडहून आणलं, तिथली हवा तेवढी आणायची राहिली. मे महिन्यात दुपारी दोन वाजता दुसऱ्या मजल्यावर बसून मी हा विनोद अंगावर अनुभवलाय. लोखंडाच्या सांगाड्यात, वर काच. डोसा भाजता आला असता.

जागेच्या कागदपत्रांत भाडेपट्टा ९९९ वर्षांचा आणि भाडं वर्षाला ९२ रुपये १२ आणे, असं नोंदलेलं आहे. हे मी बाबांना वाचून दाखवलं तर ते क्लार्कच्या नजरेने म्हणाले, "म्हणजे अजून साडेआठशे वर्षं आहेत. तारीख लांबची पडली."

आता १८९६. या एका वर्षात या एका इमारतीत जे काही झालंय ते वाचलं की मला चक्रावल्यासारखं होतं.

जानेवारीत मार्क ट्वेन येऊन राहिला. जगभर व्याख्यानं देत फिरत होता, कर्ज फेडायला. गॅलरीतून दिसणाऱ्या कावळ्यांवर त्याने पुढे इतकं मजेशीर लिहिलंय की सगळ्या लेखांत तेच येतं, कावळे कावळे कावळे. पण त्याच प्रवासवर्णनात त्याच हॉटेलातली अजून एक गोष्ट आहे. त्याला खोलीवर सोडायला एक धिप्पाड जर्मन माणूस आला आणि मागून सामान घेऊन नोकरांची मिरवणूक, चौदा-पंधरा जण, प्रत्येकाच्या हातात एकेकच वस्तू, कुणाकडे ओव्हरकोट, कुणाकडे छत्री, कुणाकडे सिगारची पेटी, शेवटच्याकडे तर नुसता पंखा. खोलीच्या एका दाराचं काहीतरी करायचं होतं, एक नोकर गुडघ्यावर बसून करायला लागला, ते त्या जर्मनाच्या मनासारखं होईना, तर काय चुकलं ते न सांगताच त्याने त्याच्या थोबाडीत दिली. आणि त्या माणसाने मुकाट्याने ती घेतली. ट्वेनला त्या क्षणी आपलं लहानपण आठवलं, मिसुरीतलं, जिथे त्याचे वडील गुलामांना असंच काहीबाही मारायचे. पन्नास वर्षांत असं पाहिलं नव्हतं म्हणतो.

मला कावळ्यांपेक्षा हा दारापाशी बसलेला माणूस जास्त आठवतो. कारण वॉटसन्स म्हटलं की लगेच पुढे येतं की "तिथे भारतीयांना प्रवेश नव्हता". नव्हता कसा? पंधरा जण तर एका पाहुण्याच्या सामानाला होते. इमारत भरलेली होती आपल्याच लोकांनी, जिन्यात, स्वयंपाकघरात, दारांशी. फक्त रजिस्टरात त्यांची नावं नव्हती.

यावरून ती टाटांची गोष्ट. जमशेटजींना वॉटसन्सच्या दारातून परत पाठवलं आणि त्या रागाने त्यांनी ताज बांधलं. शाळेतल्या बाईंपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे सांगतात. छान आहे गोष्ट, पण मला पटत नाही, आणि बऱ्याच इतिहासकारांनाही नाही. इतका व्यवहारी माणूस रागाच्या भरात समुद्रात भर घातलेल्या जमिनीवर हॉटेल काढेल? १८९६ च्या पावसाळ्याच्या शेवटी मांडवीत प्लेग निघाला, माणसं शहर सोडून पळाली, मुंबईची अब्रू गेली, अशा वेळी हे शहर अजून जिवंत आहे असं दाखवणारं काहीतरी भव्य हवं असं वाटणं, हे मला जास्त खरं वाटतं. ताज १९०३ च्या डिसेंबरात उघडलं आणि वॉटसन्सची सद्दी संपली, एवढं मात्र झालं. पण अपमान, शपथ आणि सूड हे सिनेमात शोभतं.

आणि सिनेमा हाही इथेच आला ना! त्याच १८९६ मध्ये, ७ जुलैला. पॅरिसला ल्युमिए बंधूंनी पहिला खेळ केल्याला सहा-सात महिने होतात न होतात तोच. त्यांचा माणूस मारियस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला निघाला होता, वाटेत मुंबईला थांबला. वॉटसन्समध्ये एक रुपया तिकीट लावून खेळ झाले. शतकातला चमत्कार अशी पेपरात जाहिरात. छोट्या छोट्या सहा फिती, गाडी स्टेशनात येते, कामगार कारखान्यातून सुटतात, समुद्रात पोरं उड्या मारतात, आणि एक होती "डिमॉलिशन". भिंत पाडण्याची. दोन-चार माणसं एक भिंत ढकलतात, ती पडते, धूळ उडते, संपलं. ल्युमिएंची माणसं पुढे ही फीत उलटी फिरवूनही दाखवायची, म्हणजे धुळीतून भिंत आपोआप उठून उभी राहायची आणि लोक किंचाळायचे.

मुंबईला उलटी दाखवली होती का ते देव जाणे. पण हायकोर्टात या इमारतीच्या पाडापाडीवर वकील भांडत होते तेव्हा मला राहून राहून ती फीत आठवायची.

त्या खेळांना आलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते असं सिनेमाच्या इतिहासात लिहिलेलं असतं. म्हणजे आपले सावेदादा. फोटोग्राफर माणूस, बघून असा झपाटला की लंडनहून २१ गिनी मोजून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती लावून ती चित्रित केली, मग माकडवाल्याची फिल्म, मग १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिज गाजवून मुंबईत उतरले तेव्हा त्यांचं स्वागत. आपल्याकडची पहिली बातमीची फिल्म म्हणतात तिला. कुस्ती, माकड आणि गणिताचा मास्तर! मराठी माणसाच्या हातात पहिल्यांदा कॅमेरा आला तेव्हा त्याने काय टिपलं बघा, मला याचा उगाचच अभिमान वाटतो.

पण मग मघाचाच प्रश्न. भारतीयांना प्रवेश नव्हता तर सावेदादा आत गेले कसे? मला वाटतं राहायला बंदी आणि रुपया मोजून खेळ बघायला मोकळीक असं असणार. धंदा म्हटला की कापडवाल्याला गिऱ्हाइकाचा रुपया कळतो. ही माझी अटकळ, पण बाबांच्या साहेबांना भेटायला येणाऱ्या अशिलांकडे बघून केलेली अटकळ आहे, अगदी हवेतली नाही.

हॉटेल पुढे कधीतरी बंद पडलं, मालक बदलले, नाव महेंद्र मॅन्शन झालं, मग एस्प्लनेड मॅन्शन. आणि खोल्या भाड्याने गेल्या. बाजूला सेशन्स कोर्ट, पलीकडे हायकोर्ट, म्हटल्यावर कोण येणार? वकील. ५३ कुटुंबं आणि ९७ व्यापारी गाळे अशी नोंद आहे, आणि त्यातल्या एका गाळ्याचा एक तुकडा म्हणजे आमच्या साहेबांची केबिन. सहा बाय नऊ. साहेबांची खुर्ची, अशिलांच्या दोन, आणि दाराशी बाबांचं स्टूल.

भाड्याचं सांगायचं तर, १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला गोठली. तेव्हाच्या भाडेकरूंच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, फाळणी, टंचाई, माणूस जाणार कुठे. पण नंतर दशकं गेली आणि भाडं तिथेच. साहेबांचं महिन्याचं भाडं आणि महिन्याचं चहाचं बिल यात चहाचं बिल मोठं होतं, हे बाबा हसून सांगायचे. मग मालक म्हणणार एवढ्याशा भाड्यात मी कसली दुरुस्ती करू, भाडेकरू म्हणणार बिल्डिंग तुझी, मी का करू, आणि दोघांच्या मध्ये पाऊस पडत राहणार. खारी हवा, गळके संडास, पोटमाळ्यांचं वजन, खिडकीखिडकीला एसीचे डबे आणि त्यांचं ठिबकणारं पाणी. बिडाचा तवा घासून नुसता ओला ठेवला तर दुसऱ्या दिवशी तांबडा होतो, आजी म्हणूनच लगेच तेलाचा हात फिरवायची. या तव्यावर साठ वर्षं कुणी तेलाचा हात फिरवला नाही. आणि बीड दाबाला पक्कं असलं तरी ओढ त्याला सोसत नाही, आधी वाकून कल्पना देत नाही ते, सरळ तडकतं.

२००५ च्या जूनमध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या सगळ्यात धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंत तिचं नाव घातलं, आणि महिनासुद्धा पुरा झाला नसेल, जुलैच्या सुरुवातीला गॅलरीचा मोठा भाग रस्त्यावर आला. एक माणूस गेला, काही जखमी, खालच्या गाड्या चेपल्या. बाबा तेव्हा हायकोर्टात होते, बोर्डावर मॅटर होतं. तेव्हा त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, मी टीव्हीवर बघितलं आणि संध्याकाळी ते सव्वाआठच्या गाडीने नेहमीसारखे घरी येईपर्यंत आईने देव पाण्यात घातलेले. आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, आपली बाजू शाबूत आहे. "आपली बाजू"! त्या महिन्याच्या शेवटी २६ जुलै झाला आणि मग गॅलरीचं कुणाच्या लक्षात राहणार.

लोक विचारतात, मग तुम्ही लोक सोडून का नाही गेलात तेव्हाच? सोपं उत्तर, कुठे जाणार? हायकोर्टापासून चालत पाच मिनिटांवर चहाच्या बिलापेक्षा कमी भाड्यात जागा कुठे मिळते? आणि दुसरं उत्तर मला बाबांकडे बघून कळलं. त्या जिन्यात प्रत्येक जण त्यांना नावाने ओळखायचा. टायपिस्ट, नोटरीचे शिक्केवाले, चहावाला पोरगा, जो पुढे चहावाला काका झाला. डोंबिवलीच्या सोसायटीत ते तिसऱ्या मजल्यावरचे कोणीतरी होते. मॅन्शनमध्ये त्यांना विचारल्याशिवाय नवा क्लार्क वकालतनाम्यावर स्टॅम्प कुठे लावायचा ते ठरवत नसे.

बाबा २००९ ला रिटायर झाले. साहेब त्याच्या आधीच थकले होते, केबिन त्यांच्या मुलाने चालवली. आणि २०१९ च्या मे महिन्यात, परत मे महिनाच, म्हाडाने सगळी इमारत रिकामी करून घेतली. आयआयटीचा अहवाल म्हणत होता पाडा. वारसावाले आणि दुसरे तज्ज्ञ म्हणत होते दुरुस्त होते, पाडायची गरज नाही. ज्या इमारतीत दुसऱ्यांच्या जागांचे खटले चालवून माणसं म्हातारी झाली तिचाच खटला लागला. मी मुळात वाचवा म्हणणाऱ्यांच्या बाजूची आहे, हे वेगळं सांगायला नको. पण त्या सगळ्या चर्चेत बीड, ऑर्डिश, ल्युमिए यांचीच नावं असायची आणि टायपिस्ट आले की लगेच "अतिक्रमणं", "बेढब पार्टिशनं". कापडाच्या दुकानाचं हॉटेल झालं तेव्हा कुणी त्याला दुर्दशा म्हटलं नाही. हॉटेलची केबिन झाली की दुर्दशा. वॉटसननेसुद्धा तिचं ठरलेलं काम बदललंच होतं की.

रिकामी करत होते त्या आठवड्यात मी एकदा गेले होते. बाबांना गुडघ्यांमुळे जमत नव्हतं, म्हणाले बघून ये. र्‍हिदम हाउस तर तीन वर्षांपूर्वीच बंद झालेलं, जिथे मी कॉलेजात असताना फुकट कॅसेटी ऐकायला जायचे. चौकात मात्र नवा घोडा उभा. १८७९ चा मूळ पुतळा, राजा वर बसलेला, १९६५ मध्ये हलवून राणीच्या बागेत पाठवला, मग पन्नास वर्षं घोडा नाही पण नाव काळा घोडाच, आणि २०१७ मध्ये हा नवीन बसवला, घोडा आहे, वर कुणी नाही. मला तो आवडतो, उगाच.

मॅन्शनच्या दाराशी टेम्पो लागलेले. हमाल फायलींची बंडलं खांद्यावरून उतरवत होते, चाळीस-चाळीस वर्षांची, नाड्या कुजलेल्या. एका माणसाच्या डोक्यावर नुसतं देवघर. एक जण टाइपरायटर छातीशी धरून उतरत होता, लहान पोराला धरतात तसा. पोलीस होते, पण भांडण काही नव्हतं, सगळे नुसतेच घामाघूम. मी वर गेले. केबिनीचं दार काढून नेलेलं होतं, पार्टिशन अर्धं उभं, अर्धं आडवं, आणि ते नसल्यामुळे पहिल्यांदाच मला ती मूळ खोली दिसली, केवढी मोठी होती! पलीकडच्या खिडकीपर्यंत सरळ उजेड, उंच छत, आणि मधोमध तो खांब. एवढासा वाटायचा केबिनीच्या बाहेर. मी किल्लीने थोडा रंग खरवडला (नका मला बोलू, सगळेच काही ना काही खरवडत होते), पिवळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली राखाडी, मग अजून एक हिरवा, आणि मग काळं.

फोटो काढले भरपूर. घरी येऊन बाबांना टॅबवर मोठे करून दाखवले. उंच छत, कमानी, खांबाचं कोरीव डोकं, खिडकीतून दिसणारा राजाबाई टॉवर. बघा बाबा, हे सगळं तुमच्या डोक्यावर होतं. ते एकेक फोटो सरकवत गेले, त्या अर्ध्या पडलेल्या पार्टिशनच्या फोटोवर थांबले, दोन बोटांनी तो मोठा केला आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

ते पार्टिशन त्यांनीच करून घेतलेलं, ७८ साली, आमच्या राजापूरकडच्या एका सुताराकडून. प्लाय लॅमिंग्टन रोडवरून स्वतः टॅक्सीच्या टपावर बांधून आणलं होतं, त्यातले टॅक्सीचे पैसे साहेबांनी शेवटपर्यंत दिले नाहीत.

"दाराची कडी दिसत नाही ती," बाबा म्हणाले. "पितळेची होती. कुणी नेली?"